जागतिक व्यापार आणि प्राणिसंरक्षण कायदे : कोळंबी–कासव विवादाच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

प्राणिसंरक्षणाचे कायदे हे त्या त्या समाजाच्या धर्मभावनेतून, करुणेतून किंवा शास्त्रीय जाणिवेतून निर्माण होतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. भारतापुरता विचार केला तर १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम आणि १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम यांचा इतिहास याच दृष्टीने सांगितला जातो. पहिल्या कायद्याच्या मागे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेले खाजगी विधेयक होते, तर दुसऱ्याच्या मागे वन्यजीवांच्या झपाट्याने होणाऱ्या ऱ्हासाविषयीची चिंता होती. हे विवेचन चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. प्राण्यांविषयीचे अनेक नियम संसदेच्या सभागृहात जन्मण्यापूर्वी बंदरात, जकात कचेरीत आणि व्यापारी करारांच्या वाटाघाटींत आकाराला आले आहेत. प्राणी किंवा प्राणिजन्य वस्तू जेव्हा एका देशातून दुसऱ्या देशात विकली जाते, तेव्हा खरेदीदार देशाची नैतिक भूमिका आणि विक्रेत्या देशाची उपजीविका एकमेकींसमोर उभ्या राहतात. या संघर्षातून कायदे घडतात, बदलतात आणि काही वेळा केवळ कागदावर उरतात.

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) विसाव्या शतकाच्या आरंभापासून व्यापारी निर्बंध आणि प्राणिसंरक्षण यांचा संबंध कसा विकसित झाला, याचा आढावा घेणे.
२) गॅट करार व जागतिक व्यापार संघटना यांच्या निवाड्यांतून या संबंधाचे कायदेशीर स्वरूप कसे बदलले, ते पाहणे.
३) भारत तक्रारदार असलेल्या कोळंबी–कासव विवादाच्या आधारे, बाजारपेठेच्या दबावाने आलेल्या संरक्षणाचे सामर्थ्य व मर्यादा तपासणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. बाजारपेठेच्या दबावाने कायदा वेगाने दुसऱ्या देशात पोहोचतो. परंतु तो तेथे टिकण्यासाठी ज्यांच्या हातात जाळे, सापळा किंवा पिंजरा आहे त्यांचा निर्णयप्रक्रियेत सहभाग आवश्यक असतो, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

गॅटपूर्व काळ : कातडी आणि पिसे

व्यापार आणि प्राणिसंरक्षण यांचा संघर्ष जागतिक व्यापार संघटनेच्या स्थापनेनंतर सुरू झाला, ही समजूत इतिहासाला धरून नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेरिंग समुद्रातील फर सीलच्या शिकारीवरून अमेरिका व ब्रिटन यांच्यात तीव्र वाद निर्माण झाला. कॅनडाची जहाजे खुल्या समुद्रात सीलची शिकार करीत. पाण्यात मारलेले अनेक सील बुडून वाया जात आणि मारल्या जाणाऱ्या माद्यांमागे किनाऱ्यावरील पिले उपाशी मरत. सीलचे कळप अमेरिकेच्या बेटांवर विणीसाठी येतात, म्हणून त्यांच्या संरक्षणाचा अधिकार खुल्या समुद्रातही आपलाच आहे, असा अमेरिकेचा दावा होता. १८९३ मध्ये पॅरिस येथील लवादाने तो फेटाळला. आपल्या सीमेबाहेरील प्राण्याचे संरक्षण एखादे राष्ट्र एकतर्फी करू शकते काय, हा प्रश्न येथे प्रथम स्पष्टपणे विचारला गेला. पुढील शंभर वर्षे तो वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा उपस्थित होत राहिला.

या प्रश्नाचे व्यवहार्य उत्तर १९११ च्या उत्तर पॅसिफिक फर सील करारात सापडले. अमेरिका, ब्रिटन (कॅनडासाठी), जपान आणि रशिया या चार राष्ट्रांनी खुल्या समुद्रातील शिकार थांबविण्याचे मान्य केले. त्याचबरोबर अशा रीतीने मिळविलेल्या कातड्यांची आयातही बंद करण्यात आली. या कराराचा दुसरा भाग अधिक बोलका आहे. समुद्रातील शिकार सोडणाऱ्या कॅनडा व जपान यांना अमेरिका व रशिया यांच्या किनाऱ्यांवरील उत्पन्नातून प्रत्येकी १५ टक्के कातडी देण्याची तरतूद होती. म्हणजे आयातबंदीला नुकसानभरपाईची जोड होती. ज्याला उत्पन्न सोडावयास सांगितले, त्याचा वाटा मान्य केला गेला. करारानंतर सीलचे कळप पुन्हा वाढले, यात या तरतुदीचा मोठा भाग होता.

याच काळात युरोप व अमेरिकेतील स्त्रियांच्या टोप्यांवर पक्ष्यांची पिसे लावण्याची फॅशन शिगेला पोहोचली होती. विणीच्या हंगामात बगळ्यांच्या अंगावर येणाऱ्या नाजूक पिसांना विशेष मागणी असे. साहजिकच शिकार विणीच्या काळातच होई आणि घरट्यातील पिले मरत. लंडन हे या व्यापाराचे लिलाव केंद्र होते आणि हिंदुस्थान हा एक प्रमुख पुरवठादार होता. इंग्लंडमध्ये १८८९ मध्ये स्थापन झालेल्या पक्षिसंरक्षक संस्थेने या फॅशनविरुद्ध चळवळ चालविली. तथापि कायदा प्रथम लंडनमध्ये झाला नाही. हिंदुस्थान सरकारने १९०२ मध्ये पक्ष्यांची कातडी व पिसे यांच्या निर्यातीवर बंदी घातली, तर ब्रिटिश संसदेने पिसांच्या आयातीवर बंदी घालणारा कायदा १९२१ मध्ये संमत केला. या दोन तारखांमधील १९ वर्षांचे अंतर विचार करायला लावणारे आहे. वसाहतीतील शेतकरी व पारधी यांच्यावर बंदी लादणे सोपे होते. राजधानीतील व्यापारी व ग्राहक यांना आवरणे कठीण होते. मधल्या काळात बंदी असलेली पिसे चोरट्या मार्गाने लंडनच्या बाजारात येतच राहिली. खरेदीचे दार उघडे असताना केवळ विक्रीचे दार बंद करून उपयोग होत नाही, हा पहिला धडा या प्रकरणातून मिळाला. अमेरिकेने १९१३ च्या जकात कायद्यातच रानपक्ष्यांच्या पिसांच्या आयातीला प्रतिबंध केला होता. प्राणिसंरक्षणाची तरतूद जकात कायद्यात असावी, हे त्या काळातील वस्तुस्थितीचे नेमके चित्र आहे.

निर्यातदार देशाने घातलेली अट : माकडांचा व्यापार

प्राणिसंरक्षणाचा दबाव नेहमी श्रीमंत आयातदाराकडून गरीब निर्यातदाराकडे वाहतो, असे दिसते. स्वतंत्र भारताच्या इतिहासात याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. पोलिओ लसीची निर्मिती व चाचणी यांसाठी १९५० च्या दशकात लाल तोंडाच्या माकडांना प्रचंड मागणी निर्माण झाली. भारतातून वर्षाला लाखाहून अधिक माकडे परदेशी पाठविली जात. १९५५ मध्ये वाहतुकीत माकडांचे मृत्यू झाल्यानंतर भारत सरकारने निर्यात काही काळ थांबविली आणि माकडांचा वापर लसनिर्मिती व मानवहिताच्या वैद्यकीय संशोधनापुरता मर्यादित राहावा, अशा अटीवर ती पुन्हा सुरू केली.

या अटीचा भंग होऊन माकडांवर लष्करी स्वरूपाचे किरणोत्सर्गाचे प्रयोग होत असल्याचे उघडकीस आल्यावर मोरारजी देसाई यांच्या सरकारने निर्यातबंदीचा निर्णय घेतला. १ एप्रिल १९७८ पासून ती लागू झाली. येथे विक्रेत्या देशाने वस्तूच्या अंतिम वापराविषयी नैतिक अट घातली होती आणि ती मोडल्यावर व्यापारच बंद केला. मात्र या बंदीने प्रयोग थांबले नाहीत. अमेरिकेत देशांतर्गत प्रजनन केंद्रांना चालना मिळाली आणि आग्नेय आशियातील दुसऱ्या जातीच्या माकडांकडे मागणी वळली. भारतातील माकडांना संरक्षण मिळाले. परंतु व्यापाराने आपला मार्ग बदलला. १९८७ मध्ये भारताने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात थांबविली, तेव्हाही असेच घडले. भातशेतीतील कीड खाणारे बेडूक नाहीसे होत असल्याची चिंता आणि त्यांना मारण्याच्या क्रूर पद्धतीविषयीची नापसंती या दोन्ही कारणांनी ती बंदी आली. पण युरोपातील ताटांत बेडूक येतच राहिले. फक्त पुरवठादार म्हणून इंडोनेशियाचे स्थान अधिक बळकट झाले. व्यापाराच्या मार्गाने आलेला नियम हा त्या मार्गापुरताच लागू असतो, हा दुसरा धडा होय.

गॅट करार आणि ट्यूना–डॉल्फिन वाद

दुसऱ्या महायुद्धानंतर ऑक्टोबर १९४७ मध्ये जिनिव्हा येथे २३ देशांनी गॅट करारावर सह्या केल्या. भारत हा त्याच्या मूळ सदस्यांपैकी एक होय. आयातीवर संख्यात्मक निर्बंध घालू नयेत (कलम ११) आणि आयात वस्तूला समान देशी वस्तूपेक्षा कमी दर्जाची वागणूक देऊ नये (कलम ३) ही या कराराची दोन प्रमुख तत्त्वे होत. कलम २० मध्ये काही अपवाद मान्य करण्यात आले. सार्वजनिक नीतिमत्तेचे रक्षण, मानव, प्राणी व वनस्पती यांचे जीवित वा आरोग्य यांचे रक्षण आणि संपुष्टात येऊ शकणाऱ्या नैसर्गिक संपत्तीचे जतन हे त्यांपैकी तीन अपवाद येथे महत्त्वाचे आहेत. मात्र हे अपवाद मनमानी भेदभाव करण्यासाठी किंवा व्यापारावरील छुपा निर्बंध म्हणून वापरता येणार नाहीत, अशी अट या कलमाच्या प्रास्ताविकातच घातलेली आहे. पुढील सर्व वाद या अटीभोवती फिरले.

या अपवादांची खरी परीक्षा १९९१ मध्ये झाली. पूर्व पॅसिफिक महासागराच्या उष्ण कटिबंधीय भागात पिवळ्या पराच्या ट्यूना माशांचे थवे डॉल्फिनच्या खालून पोहतात. म्हणून मच्छीमार डॉल्फिन हेरून त्यांच्याभोवती पर्ससीन जाळे टाकतात. यात मोठ्या संख्येने डॉल्फिन मरत. केवळ १९८६ या एका वर्षात ही संख्या १ लाख ३० हजारांच्या वर होती. अमेरिकेने १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याच्या आधारे मेक्सिकोतील ट्यूनाची आयात थांबविली. मेक्सिकोने गॅटकडे तक्रार केली. १९९१ च्या पॅनेल अहवालाने अमेरिकेच्या विरुद्ध मत दिले. डब्यातील ट्यूना हा ट्यूनाच असतो. तो कोणत्या पद्धतीने पकडला यावरून त्याला वेगळी वागणूक देता येत नाही, आणि एखाद्या देशाला आपल्या अधिकारक्षेत्राबाहेरील प्राण्यांच्या रक्षणासाठी व्यापारबंदीचे हत्यार वापरता येत नाही, असे त्या अहवालाचे सार होते. स्वेच्छेने लावल्या जाणाऱ्या ‘डॉल्फिन–सुरक्षित’ लेबलला मात्र पॅनेलने आक्षेप घेतला नाही. हा अहवाल गॅटने औपचारिकरीत्या कधीच स्वीकारला नाही, तरीही प्राणिप्रेमी संघटनांमध्ये त्याने मोठा क्षोभ निर्माण केला.

या वादाचा शेवट न्यायालयीन निवाड्यात नव्हे, तर वाटाघाटींत झाला. १९९२ पासून त्या समुद्रात मासेमारी करणाऱ्या देशांनी जहाजनिहाय मर्यादा व निरीक्षक यांची पद्धत स्वीकारली. १९९३ पर्यंत डॉल्फिनचे वार्षिक मृत्यू ५ हजारांच्या खाली आले. १९९८ च्या आंतरराष्ट्रीय डॉल्फिन संरक्षण कराराने या व्यवस्थेला कायमचे रूप दिले. अमेरिकी बाजारपेठेच्या दबावाविना हे देश वाटाघाटींच्या टेबलापर्यंत आले असते, असे म्हणणे कठीण आहे. पण डॉल्फिन वाचले ते मेक्सिकोच्या जहाजावरील निरीक्षकामुळे आणि जाळे मागे घेण्याचे तंत्र शिकलेल्या खलाशांमुळे, हेही तितकेच खरे आहे.

कोळंबी–कासव विवाद : पार्श्वभूमी

भारताच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण म्हणजे कोळंबी–कासव विवाद होय. त्याची पार्श्वभूमी समजून घेण्यासाठी भारतीय मासेमारीत झालेला बदल लक्षात घ्यावा लागतो. १९५० च्या दशकात केरळमध्ये सुरू झालेल्या भारत–नॉर्वे प्रकल्पाने यांत्रिक नौकांना चालना दिली. त्यानंतर गोठविलेल्या कोळंबीला परदेशी बाजारपेठ मिळाली आणि समुद्राचा तळ खरवडत जाणारी ट्रॉल जाळी दोन्ही किनाऱ्यांवर पसरली. कोळंबीला ‘गुलाबी सोने’ म्हटले जाऊ लागले. १९७२ मध्ये कोची येथे सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण स्थापन झाले. योगायोग असा की त्याच वर्षी वन्यजीव (संरक्षण) अधिनियमही संमत झाला. एका बाजूला शासन कोळंबीच्या निर्यातीला उत्तेजन देत होते, तर दुसऱ्या बाजूला समुद्री कासवांना कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सर्वोच्च संरक्षण मिळाले होते. या दोन धोरणांची गाठ ट्रॉलरच्या जाळ्यात पडली. कासव फुप्फुसाने श्वास घेते. जाळे दीर्घकाळ पाण्याखाली ओढले गेले की ते गुदमरून मरते. कासव मारणे हा गुन्हा होता. परंतु ज्या जाळ्यात ते मरत होते, त्याच्या रचनेविषयी कायदा मौन बाळगून होता.

याची सर्वाधिक झळ ओडिशाच्या किनाऱ्याला लागली. गहिरमाथा, देवी नदीचे मुख आणि ऋषिकुल्या या ठिकाणी ऑलिव्ह रिडले कासवे हजारोंच्या संख्येने एकाच वेळी अंडी घालण्यासाठी येतात. गहिरमाथाची ओळख शास्त्रीय जगताला १९७४ मध्ये झाली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस या किनाऱ्यावर दरवर्षी दहा हजारांहून अधिक मृत कासवे वाहून येत होती.

या समस्येवरील उपाय अमेरिकेतील मच्छीमारांच्या अनुभवातून आला होता. जाळ्यात शिरणारे जेलीफिश बाहेर टाकण्यासाठी जॉर्जिया राज्यातील सिंकी बून या मच्छीमाराने जाळ्यात बसविण्याची जाळीदार चौकट तयार केली होती. तिच्याच धर्तीवर कासवांसाठीचे साधन विकसित झाले. ते ‘टेड’ या नावाने ओळखले जाते. कोळंबी चौकटीच्या गजांमधून आत जाते, कासव गजांना अडून वरच्या किंवा खालच्या फटीतून बाहेर पडते. अमेरिकेने १९८७ मध्ये आपल्या ट्रॉलरना हे साधन सक्तीचे करणारे नियम केले. साहजिकच तेथील मच्छीमारांनी परदेशी कोळंबीलाही तोच नियम लावण्याची मागणी केली. १९८९ च्या कायद्यातील कलम ६०९ अन्वये, तुलनीय संरक्षण व्यवस्था नसलेल्या देशांतील कोळंबीच्या आयातीवर बंदी आली. कासवाविषयीची कळकळ आणि देशी मच्छीमाराचे हितसंबंध या दोहोंचा संगम या तरतुदीत झाला होता. प्राणिसंरक्षणाच्या व्यापारी कायद्यांत असे संमिश्र हेतू अपवादानेच अनुपस्थित असतात.

प्रारंभी हा नियम कॅरिबियन व पश्चिम अटलांटिकमधील देशांपुरता होता आणि त्यांना तीन वर्षांची मुदत देण्यात आली. डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेतील आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने एका पर्यावरणवादी संस्थेच्या दाव्यात हा नियम सर्व जगाला लागू करण्याचा आदेश दिला. अंमलबजावणीची तारीख होती १ मे १९९६. आशियाई देशांना जेमतेम चार महिने मिळाले.

निवाडा आणि त्याचा अर्थ

भारत, मलेशिया, पाकिस्तान व थायलंड यांनी ऑक्टोबर १९९६ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे धाव घेतली. आपल्या देशांत कासवांच्या संरक्षणाचे कायदे आधीपासून आहेत, हे या देशांनी निदर्शनास आणले. त्यांचा आक्षेप कासव वाचविण्याला नव्हता. ते कसे वाचवावे हे एका बाजारपेठेच्या मालकाने ठरविण्याला होता. मे १९९८ मधील पॅनेल अहवाल या देशांच्या बाजूने लागला. अशा अटी मान्य केल्या तर बहुपक्षीय व्यापार व्यवस्थाच धोक्यात येईल, असे पॅनेलचे म्हणणे होते.

१२ ऑक्टोबर १९९८ रोजीच्या अपील मंडळाच्या निर्णयाने मात्र चित्र बदलले. निकाल अमेरिकेच्या विरुद्धच गेला. पण कारणमीमांसा पूर्णपणे वेगळी होती. गॅटमधील ‘संपुष्टात येऊ शकणारी नैसर्गिक संपत्ती’ म्हणजे केवळ खनिजे नव्हेत. सजीव प्राणीही संपुष्टात येऊ शकतात, असे मंडळाने स्पष्ट केले. कासवांच्या सातही जाती साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात असल्याचा आधार त्यासाठी घेण्यात आला. कासवे स्थलांतर करणारी असल्याने अमेरिकेचा त्यांच्याशी पुरेसा संबंध आहे, हेही मान्य झाले. म्हणजे १८९३ च्या लवादाने आणि १९९१ च्या पॅनेलने बंद केलेले दार येथे किलकिले झाले.

अमेरिका हरली ती अंमलबजावणीच्या पद्धतीमुळे. तिने अमेरिका खंडातील देशांशी वाटाघाटी करून १९९६ मध्ये कासव संरक्षणाचा प्रादेशिक करार घडवून आणला. आशियाई देशांशी तसा गंभीर प्रयत्न केला नाही. काहींना तीन वर्षे आणि काहींना चार महिने दिले. आपल्याच पद्धतीची हुबेहूब नक्कल अन्य देशांकडून अपेक्षिली. प्रमाणपत्र नाकारताना म्हणणे मांडण्याची संधी दिली नाही. हा मनमानी व असमर्थनीय भेदभाव आहे, असे मंडळाने ठरविले.

त्यानंतर अमेरिकेने १९९९ मध्ये मार्गदर्शक नियम बदलले. एकच पद्धत नव्हे, तर परिणामकारकतेत तुलनीय अशी कोणतीही व्यवस्था स्वीकारार्ह ठरली. हिंदी महासागर व आग्नेय आशियातील देशांच्या कासव संरक्षणविषयक सामंजस्य कराराच्या वाटाघाटींत तिने भाग घेतला. तो करार २००१ मध्ये अमलात आला. मलेशियाने बदललेल्या नियमांनाही आव्हान दिले, परंतु ऑक्टोबर २००१ मध्ये अपील मंडळाने ते फेटाळले. आयातबंदी मूळ कायद्यासह कायम राहिली. भारतात जिंकल्याचा आनंद झाला; पण दीर्घकालीन विचार केला तर तत्त्वाच्या पातळीवर बाजी अमेरिकेने मारली, असेच म्हणावे लागते. तरीही तिला वाटाघाटी, लवचीकता आणि नैसर्गिक न्याय यांची किंमत मोजावी लागली. ही किंमत तक्रारदार देशांनी लढा दिल्यामुळेच ठरली, हे विसरता येत नाही.

किनाऱ्यावरील वास्तव

निवाड्यानंतर भारतातील नियमांत बदल झाले. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने भारतीय नौकांना सोयीचे टेड तयार केले, निर्यात प्राधिकरणाने त्यांचे वाटप केले आणि ओडिशात ट्रॉलरना ते सक्तीचे झाले. गहिरमाथा १९९७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झाले होते. कासवांच्या तिन्ही वसाहतींजवळच्या समुद्रात नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांत मासेमारीवर निर्बंध लागू झाले.

परंतु नियम आला म्हणून वापर आला नाही. चौकटीच्या फटीतून कासवाबरोबर कोळंबी व मासळीही निसटते, अशी ट्रॉलर मालकांची तक्रार होती. अनेक नौकांवर टेड तपासणीपुरते राहिले. हंगामी निर्बंधांचा भार छोट्या होड्यांतून मासेमारी करणाऱ्या पारंपरिक कुटुंबांवरही पडला. वस्तुतः कासवांच्या मृत्यूंना मुख्यतः ट्रॉल जाळी कारणीभूत होती. ज्या वर्गाने निर्यातीचा लाभ घेतला, त्याच्याबरोबर लाभ न घेतलेल्या वर्गालाही संरक्षणाची किंमत मोजावी लागली. मच्छीमार संघटना, शास्त्रज्ञ व संरक्षक यांना एकत्र आणण्याचे प्रयत्न २००४ नंतर सुरू झाले, म्हणजे निवाडा होऊन सहा वर्षे उलटल्यावर.

मे २०१९ पासून अमेरिकेने भारतातील समुद्रात पकडलेल्या कोळंबीला प्रमाणपत्र नाकारले. टेडचा वापर समाधानकारक नसल्याचे तेथील अधिकाऱ्यांच्या पाहणीत दिसून आले होते. १९९८ च्या विजयानंतर वीस वर्षांनी भारत पुन्हा त्याच जागी उभा राहिला. या वेळी जागतिक व्यापार संघटनेकडे जाण्याऐवजी अमेरिकी संस्थेच्या सहकार्याने टेडच्या नव्या रचनेच्या चाचण्या घेण्याचा मार्ग भारताने पत्करला.

दरम्यान व्यापाराने आपला मार्ग बदलला होता. २००९ नंतर भारतात व्हॅनामी जातीच्या कोळंबीची शेती झपाट्याने वाढली आणि अमेरिकेला होणाऱ्या निर्यातीत तिचाच वाटा प्रमुख झाला. तळ्यात वाढविलेल्या कोळंबीला कासवविषयक अट लागू नाही. त्यामुळे बंदीचा फटका एकूण निर्यातीला मर्यादित बसला. तो समुद्रावर जाणाऱ्या मच्छीमाराला बसला. माकडे व बेडूक यांच्या बाबतीत जे घडले, तेच येथे वेगळ्या रीतीने घडले.

कोकण किनाऱ्यावरील अनुभव या संदर्भात तुलनेसाठी उपयुक्त आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने या शतकाच्या आरंभी ग्रामस्थांच्या सहभागाने ऑलिव्ह रिडलेच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले. पूर्वी अंडी चोरीला जात. नंतर गावातील माणसेच ती राखू लागली. पिले समुद्रात सोडण्याच्या काळात भरणाऱ्या कासव महोत्सवाने गावाला थोडे उत्पन्नही मिळवून दिले. हा प्रयत्न वाळूवरच्या घरट्यापुरता आहे. समुद्रातील जाळ्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. पण संरक्षणाचा काही लाभ स्थानिकांच्या हाती पडला की कायद्याचा पहारेकरी गावातच तयार होतो, हे त्याने दाखविले. १९११ च्या सील करारातील भरपाईचे तत्त्वही मूलतः हेच होते.

नीतिमत्तेचा आधार : सील उत्पादने व सौंदर्यप्रसाधने

कोळंबी–कासव निवाड्याचा आधार नामशेष होण्याच्या धोक्याचा होता. प्राणी विपुल आहे, पण त्याला मारण्याची रीत क्रूर आहे, अशा वेळी काय करावे, हा प्रश्न त्याने सोडविला नव्हता. तो युरोपीय संघाच्या सील प्रकरणात पुढे आला. युरोपने १९८३ मध्ये पांढऱ्या सील पिलांच्या कातड्यांची आणि २००९ मध्ये बहुतेक सर्व सील उत्पादनांची आयात बंद केली. कॅनडा व नॉर्वे यांनी तक्रार केली. मे २०१४ मध्ये अपील मंडळाने प्राण्यांच्या कल्याणाविषयीची जनभावना ही सार्वजनिक नीतिमत्तेचा भाग ठरू शकते, हे मान्य केले. गॅटच्या इतिहासात हा महत्त्वाचा टप्पा होय. येथेही दोष अंमलबजावणीत सापडला. आदिवासी इन्युइट समाजाच्या शिकारीला दिलेली सवलत ग्रीनलंडच्या इन्युइटांना सहज मिळे, कॅनडातील इन्युइटांना मिळत नसे. युरोपने २०१५ मध्ये नियम सुधारले. तत्पूर्वी १९८३ च्या बंदीनंतर कातड्यांचे भाव कोसळून, कागदोपत्री सूट असूनही, इन्युइटांचे उत्पन्न बुडाले होते. दूरच्या शहरातील करुणेचा भार कोणावर पडतो, हा ओडिशातील प्रश्न आर्क्टिकमध्येही उभा राहिला.

सौंदर्यप्रसाधनांचे उदाहरण याहून सौम्य, पण अधिक व्यापक परिणामाचे आहे. युरोपीय संघाने टप्प्याटप्प्याने प्राण्यांवरील चाचण्या बंद केल्या आणि मार्च २०१३ पासून अशा चाचण्या केलेल्या प्रसाधनांच्या विक्रीवरही पूर्ण बंदी आणली. भारताने २०१४ मध्ये प्रथम चाचण्यांवर आणि नंतर अशा प्रसाधनांच्या आयातीवर बंदी घातली. चीनमध्ये आयात प्रसाधनांसाठी प्राण्यांवरील चाचणी सक्तीची होती. मे २०२१ पासून सामान्य प्रसाधनांना काही अटींवर त्यातून सूट मिळाली. येथे कोणताही निवाडा झाला नाही. दोन बाजारपेठांचे परस्परविरोधी नियम एकाच कंपनीला पाळता येत नाहीत, ही अडचणच बदलाला कारणीभूत झाली. पर्यायी चाचण्या उपलब्ध असल्याने कोणाच्या उपजीविकेवर गदाही आली नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात :

१) व्यापार हा प्राणिसंरक्षणाचा केवळ विरोधक किंवा केवळ सहायक नाही. ज्या कोळंबीच्या निर्यातीने ट्रॉल जाळी आणली, त्याच निर्यातीने टेडचा नियमही आणला.

२) आंतरराष्ट्रीय निवाड्यांची दिशा शंभर वर्षांत बदलली. ‘दुसऱ्याच्या हद्दीतील प्राण्यासाठी व्यापार रोखता येत नाही’ या भूमिकेपासून ‘न्याय्य रीतीने रोखता येतो’ या भूमिकेपर्यंत हा प्रवास झाला.

३) बंदीचा प्रभाव व्यापाराच्या मार्गापुरता मर्यादित राहतो. पिसे, माकडे, बेडूक व कोळंबी या चारही उदाहरणांत मागणीने दुसरी वाट शोधली.

४) बाजारपेठ लहान असणाऱ्या देशाला हे हत्यार वापरता येत नाही. त्यामुळे कोणत्या प्राण्याला संरक्षण मिळावे, हे बहुधा मोठ्या ग्राहक देशांतील जनभावनेवरून ठरते.

५) भरपाई, वाटाघाटी, निरीक्षण किंवा पर्यायी तंत्र यांची जोड मिळाली तेथे संरक्षण टिकले, केवळ मुदत आणि दंड मिळाला तेथे ते कागदावर राहिले.

जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ सदस्यांच्या नेमणुका अडल्याने डिसेंबर २०१९ मध्ये ठप्प झाले. एकतर्फी निर्बंधांना न्यायाची चौकट घालणारी जी व्यवस्था १९९८ मध्ये दिसली, ती त्यानंतर दुर्बळ झाली. अशा स्थितीत भारतासारख्या देशांनी प्राण्यांविषयीच्या अटी बाहेरून येण्याची वाट पाहणे हितावह नाही. समुद्री कासवाला भारतीय कायद्याने जे संरक्षण अमेरिकेच्या बंदीपूर्वीच दिले होते, ते मच्छीमाराला सोबत घेऊन त्याच्या जाळ्यापर्यंत वेळीच पोहोचविले असते, तर त्यासाठी परदेशी प्रमाणपत्राची गरज उरली नसती. त्यामुळे या विषयाच्या अभ्यासकाला निवाड्यांइतकेच किनाऱ्यावरील अंमलबजावणीच्या इतिहासाकडेही लक्ष द्यावे लागेल.